भेरूघाट चढताना जुनी पिकअप तापते, सपाट रस्त्यावर नाही. इंजिनचं हेड उतरवायचं का?

पंगतवाली, इंदूर

नमस्कार. जरा लांब लिहितेय. मिस्त्रीला अर्धं सांगितलं की काम अर्धंच होतं हे कळून चुकलंय, म्हणून इथे सगळं सांगते.

राजेंद्र नगरात आमचं केटरिंगचं काम आहे. बाबांनी २००९ साली घेतलेली डिझेल पिकअप अजून त्याच कामावर चालते. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, २ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून पंगतीही माझ्याकडे आणि गाडीही. चालवतात आमचे ड्रायव्हरकाका, बाबांच्या वेळचेच. लांबचं काम असलं की मी शेजारी बसते.

अक्षय तृतीयेला ओंकारेश्वरला लग्न होतं. जाताना घाट उतरायचा, काही झालं नाही. परतताना चार भट्ट्या, पातेली, पराती, काउंटर मिळून टनभर सामान होतं. बडवाहला काटा मधोमध, बलवाड्यालाही मधोमध. भेरूघाट लागला, पुढे दोन ट्रॉले रांगत होते, काकांनी दुसऱ्या गिअरवर घेतली आणि दोन-तीन वळणांतच काटा वर सरकायला लागला. लालच्या काठाशी आल्यावर बाजूला घेतली. बोनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीतून पाणी बाहेर उसळत होतं. पाऊण तास भर उन्हात बसलो. घाट संपल्यावर सिमरोलला आयआयटीच्या फाटकापाशी येईपर्यंत काटा आपोआप जागेवर. शहरात तर कधीच तापत नाही, राजवाड्याच्या गर्दीत तासभर अडकली तरी नाही.

आतापर्यंत काय केलंय ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तापली तेव्हा एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाला, ‘मैडम, गर्मी में इसका क्या काम.’ खालचा होज पाइप फुगला होता, तोही त्यानेच बदलला. हिवाळाभर त्रास नव्हता, फक्त डिझेल जास्त प्यायला लागली, तेराचं ॲव्हरेज अकरावर आलं. या महिन्यात रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून साफ करून घेतला, कूलंट नवं भरलं. त्यानंतरचीच ही ओंकारेश्वरची गोष्ट. आता दुसरा मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सील) गेलंय, हेड उतरवू, तीस-पस्तीस हजार लागतील.

१४ जूनला बडवाहलाच तीनशे पानांचं काम घेतलंय. घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायची नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात ऑइल बदलल्याच्या तारखा आहेत, पहिल्या सर्व्हिसपासूनच्या.

हेड उतरवण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

जुना फिटर, देवास

ताई, हेडला अजून पाना लावू देऊ नका. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान त्यातच आहे.

गाडी कधी तापते हे कुठे तापते यापेक्षा महत्त्वाचं. उभ्या गाडीत, गर्दीत तापत असेल तर वारा कमी पडतोय: पंखा, त्याचा व्हिस्कस क्लच, पंख्याभोवतीचं काउल, जाळीत बसलेली धूळ. तुमची राजवाड्याच्या गर्दीत तासभर तग धरते, म्हणजे पंखा त्याचं काम करतोय. तुमची तापते ती इंजिन जोरात फिरत असताना, ओझ्याखाली. तिथे वाऱ्याआधी पाण्याचा प्रवास बघायचा. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी ढकलते आहे का, ते वाटेत कुठे अडतंय का, आणि सिस्टिममध्ये दाब टिकतोय का.

हेड गॅस्केटचा संशय आधी संपवा, ते फुकटात होतं. सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ करा, गाडी सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर जळका गॅस पाण्यात शिरतोय. सुरुवातीला चार-दोन येतात, ती अडकलेली हवा असते, ती थांबते. ऑइलची काडी ओढून बघा, ताकासारखं पांढरट दिसतंय का. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय का. यातलं काहीच नसेल तर गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची एक टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रावातून ओढतात. जळका गॅस असला की निळं हिरवट किंवा पिवळं पडतं. तीही करून घ्या.

मग झाकण. याला कोणी मोजतच नाही. तुम्ही स्वयंपाकघरातल्या आहात म्हणून कुकरचंच सांगतो. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही, पाणी मात्र उकळून बाहेर येतं. रेडिएटरचं झाकण हीच रिंग आहे आणि तीच शिट्टी. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. झाकणाने ०.९ बारचा दाब धरला तर तेच पाणी ११८ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून थोडं वर. झाकणाची स्प्रिंग थकली की हे वीस अंश हातातून गेले. घाटात इंजिनचं पाणी शंभरी ओलांडतं, आणि तुमच्यासारखं बाटलीतून उसळतं. झाकणावर आकडा कोरलेला असतो, तो बघा. खालची रबरी चकती चिरली आहे का, मधली छोटी झडप नखाने ओढली तर परत बसते का, हेही.

तिसरी गोष्ट खालचा होज. मिस्त्रीने बदलला म्हणता. त्याच्या आत तारेची स्प्रिंग होती का? जुन्यात असेल, नव्यात घातली नसेल. खालच्या होजमधून वॉटर बॉडी पाणी ओढते. आरपीएम वाढला की ओढ वाढते, आणि आत स्प्रिंग नसेल तर मऊ होज चपटा होतो. पाण्याची वाट तिथेच बंद. ॲक्सिलरेटर सोडला की परत गोल. म्हणून गॅरेजमध्ये आयडलवर उभ्या गाडीत कुणाला काही दिसत नाही.

बघायचं असं: गाडी फिरवून गरम करून आणा, झाकण लावलेलंच असू दे. काकांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगा, तीन हजारापर्यंत. तुम्ही टॉर्च मारून खालच्या होजकडे बघा. ओढणी, बांगड्या, मोकळे केस पंख्यापासून लांब. हे मी दोनदा सांगतोय असं समजा.

थर्मोस्टॅटबद्दल सविस्तर नंतर लिहितो. काढलेला जुना कुठे पडला असेल तर शोधून ठेवा, फेकू नका.

महूचा चालक

कारण सापडेपर्यंत घाटात काय करायचं ते सांगतो. मानपूरचा घाट आणि भेरूघाट, दोन्हीकडे वीस वर्षं झाली.

काटा मध्याच्या वर गेला की लाल होईपर्यंत वाट बघायची नाही. एसी असेल तर बंद, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. मे महिन्यात अंगाची लाही होते, पण तो हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, काटा थोडा खाली ओढतो. पुढे जागा दिसली की थांबायचं आणि पाणी बाहेर पडत नसेल तर इंजिन लगेच बंद करायचं नाही. आयडलवर दोन-चार मिनिटं चालू द्यायचं, पाणी फिरत राहतं, टर्बोलाही बरं. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल, तर मात्र ताबडतोब बंद.

आणि एक नीट लक्षात ठेवा. काटा लालला जाऊन अचानक खाली पडला तर गाडी गार झाली असं समजू नका. पाणी संपलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. असाच काटा खाली आला म्हणून निश्चिंत होऊन चालवत राहिलेल्या एकाचं इंजिन जाम झालेलं मी रस्त्यात पाहिलंय.

झाकण गरम असताना उघडायचं नाही, ओला कपडा टाकून हळूच वगैरे पण नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. वाट बघायची.

सियागंजकर

माझं सरळ मत. मोठा तीन ओळींचा रेडिएटर बसवा, पुढे एक इलेक्ट्रिक पंखा लावा. विषय संपला.

जुना फिटर, देवास

सियागंजकर, मला हे पटत नाही. ही गाडी याच रेडिएटरवर आणि याच पंख्यावर बारा-तेरा वर्षं हाच घाट चढली आहे. जे तेव्हा पुरत होतं ते आज पुरत नसेल तर काहीतरी बिघडलंय, ते शोधायचं. मोठा रेडिएटर लावून होज चपटाच राहिला तर पंधरा हजार घालवूनही त्या घाटात तिथेच उभ्या राहतील. वरून पुढच्या पंख्याची चौकट चालत्या गाडीचा वाराही अडवते.

रेडिएटरवाला, पालदा

ताईंनी रेडिएटर साफ केला म्हणता, कसा केला ते विचारा. नुसतं एका बाजूने पाणी सोडून दुसऱ्या बाजूने काढलं तर ज्या नळ्या मोकळ्या आहेत त्यातूनच पाणी जातं. बुजलेल्या तशाच राहतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर वरची-खालची टाकी झाळ सोडवून उघडतात, प्रत्येक नळीत पट्टी घालतात. ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर ते होत नाही, बदलावाच लागतो. गाडी गरम करून बंद करा आणि पुढून जाळीवर तळहात जवळ फिरवा. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद.

आमच्याकडे येणाऱ्या रेडिएटरवरून गाडी कुठल्या पाण्यावर चालते ते ओळखता येतं. शहरात १९७८ पासून जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, पण बाहेरच्या कॉलन्यांत, गोडाऊनवर बोअर. माळव्याच्या काळ्या खडकातलं पाणी जड. ज्या पातेल्यात रोज तेच पाणी उकळतं त्याच्या बुडाला पांढरा थर धरतो ना, तोच थर नळीच्या आत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून चुना. नर्मदेचंही घालू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते.

पंगतवाली, इंदूर

सगळ्यांनी सांगितलेलं रविवारी एकेक करून बघितलं.

सकाळी सहाला गार गाडी. झाकण काढून पाणी काठोकाठ केलं, सुरू केली. तीन-चार बुडबुडे आले आणि थांबले. पंधरा मिनिटं मी तिथेच वाकून बघत होते. ऑइल काळं आहे पण स्वच्छ. सोमवारी निळ्या द्रावाची टेस्ट पण केली, निळं ते निळंच राहिलं. हे बघितल्यावर जीव भांड्यात पडला.

रेडिएटर पितळी आहे, टाक्या उघडूनच साफ केला होता, बिलावर तसं लिहिलंय. तळहात फिरवला, गार पट्टा कुठेच नाही. काउलही जागेवर आहे.

झाकण. त्यावर ०.९ कोरलंय, पण रबर इतकं कडक झालंय की नखाने तुकडा निघाला. रेडिएटरच्या दुकानात पंप लावून बघितलं, ०.४ लाच सुटतं.

आणि होज. फिटरकाका, तुम्ही सांगितलंत तसं गाडी बायपासला फिरवून आणली, बोनेट उघडं, केस बांधून टॉर्च घेऊन उभी राहिले. आयडलवर होज गोल, टणटणीत नाही पण गोल. ड्रायव्हरकाकांनी हळूहळू दाबला. दोन हजारापर्यंत काही नाही. पुढे मधला भाग थोडा बसल्यासारखा झाला. तीन हजाराला तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. सोडला की फट्कन गोल. मी चार वेळा करायला लावलं, चारही वेळा तेच. ड्रायव्हरकाका उतरून स्वतः बघायला आले, मग मी ॲक्सिलरेटर दाबला. वर्षभर ती घाटात श्वास कोंडल्यासारखी चढत होती आणि आम्ही तिलाच म्हातारी झाली म्हणत होतो.

जुना थर्मोस्टॅट डॅशबोर्डच्या खणात सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्याचं काय करू?

जुना फिटर, देवास

आता थर्मोस्टॅट. होजने वाट अडवली आणि झाकणाने दाब सोडला. त्यांचं एकमेकांशी नातंही आहे बरं का: सिस्टिममध्ये दाब असता तर त्याने होजला आतून धरून ठेवलं असतं, इतका चपटा झाला नसता. झाकण गेलं म्हणून होज उघडा पडला.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तुमचा हातात घेऊन उलटा करा. खाली छोट्या स्प्रिंगवर दुसरी चकती दिसते का? दिसत असेल तर नीट वाचा. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरला जात नाही, आडवाटेने इंजिनातल्या इंजिनात फिरतं म्हणजे लवकर गरम होतं. वरची झडप उघडते तेव्हा खालची चकती ही आडवाट बंद करते, मग सगळं पाणी रेडिएटरमधून. थर्मोस्टॅटच काढला तर आडवाट कायमची उघडी. गरम पाण्यातला एक वाटा रेडिएटर न बघताच परत इंजिनात येतो. हिवाळ्यात हलक्या कामाला चालून जातं, उलट इंजिन पुरतं गरमच होत नाही, म्हणून डिझेल जास्त जळलं. तुमचं तेराचं अकरा हेच. आणि उन्हाळ्यात घाटात जिथे प्रत्येक थेंब गार व्हायला हवा तिथे तो वाटा कमी पडतो.

मिस्त्रीने काढला तेव्हा त्याला काही दिसलं असेलही. पातेल्यात टाकून बघा. दोऱ्याला बांधून मधोमध लोंबकळता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. थर्मामीटर शेजारी.

पंगतवाली, इंदूर

दुसरी चकती आहे.

पाकाचा थर्मामीटर घरात होताच. बासुंदीच्या छोट्या पातेल्यात पाणी, पळीला दोरा, दोऱ्याला थर्मोस्टॅट. नवा पण आणला होता, दोघांना शेजारी शेजारी सोडलं. दोघांच्या कडेवर ८२ कोरलंय. ८२ ला नवा हलला, बारीक फट दिसली. ९० ला चांगला उघडला, ९५ ला करंगळी जाईल इतका. जुना ९० ला बंदच. ९४ ला जरासा हलला आणि पाणी खळखळायला लागलं तरी अर्ध्यावरच अडकून राहिला. गॅस बंद केल्यावर नवा मिटला, जुना तसाच अर्धा उघडा.

म्हणजे मागच्या उन्हाळ्यात मिस्त्रीने दोष बरोबर ओळखला होता. दीड-दोन हजारांत काम झालं असतं तिथे भाग काढून भोक ठेवलं, आणि बिनस्प्रिंगचा होज लावला. याचा मला फार राग आला. माणसं आपल्या भरवशावर घाट चढत असतात.

नवा बसवताना काही जपायचं असतं का?

जुना फिटर, देवास

छोटी पिन हलते ते भोक वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. मेणाची बाजू इंजिनकडे. गॅस्केट नवं. होज कंपनीचा, स्प्रिंग आत आहे हे हाताने दाबून बघूनच घ्या. झाकण ०.९ चंच, जास्त दाबाचं ‘चांगलं’ म्हणून घेऊ नका, जुन्या पितळी टाकीची झाळ सुटते. भरताना गाडीचं तोंड चढावर उभं करा, हीटर गरमवर, झाकण उघडं, आणि वरचा होज गरम होईपर्यंत थोडं थोडं भरत राहा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला.

फॅन बेल्टही बघा. अंगठ्याने दाबला तर साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा, त्याहून जास्त नाही.

पंगतवाली, इंदूर

बडवाहची तीनशे पानं काल झाली. रात्री अकराला निघालो, मुद्दाम उशिरा नाही, पंगतच लांबली. सामान तेवढंच, उलट दोन सिलिंडर जास्त. बलवाडा सोडल्यावर काकांनी बोलणं बंद केलं, मीही. घाटात पुढे ट्रॉला, दुसरा गिअर, सगळं तसंच. काटा मध्याच्या केसभर वर गेला आणि तिथेच थांबला. वरपर्यंत तिथेच. रात्रीची हवा गार होती हे खरं, म्हणून आज दुपारी दीडला रिकामे क्रेट आणायच्या निमित्ताने परत जाऊन आलो, ४१ अंशांत. येताना शेतकऱ्याच्या कांद्याची वीस पोती टाकली. तोच काटा, तीच जागा.

खर्च झाकण, होज, थर्मोस्टॅट, गॅस्केट, बेल्ट, कूलंट आणि मजुरी धरून ४,३०० रुपये. फिटरकाका, महूचे दादा, पालद्याचे दादा, तुमचे आभार कसे मानू. इंदूरला कधी आलात तर जेवायला घरी यायचं.

दारावर बाबांच्या शेवटच्या तारखेखाली मी काल पहिल्यांदा तारीख टाकली आहे.

जुना फिटर, देवास

दुपारी परत जाऊन आलात ते फार चांगलं केलंत. नवे होज पहिल्या उष्णतेत जरा बसतात, तेव्हा पाचशे किलोमीटरनंतर क्लिपा एकदा आवळा. गाडी गार असताना. आणि दर महिन्याला गार गाडीत पाण्याची पातळी बघा, बाटलीतली नाही, झाकण उघडून रेडिएटरमधली.